धुरीवरचे दुपटे

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता, मिलला निघण्यापूर्वी रोजच्या शिरस्त्याप्रमाणे मनमोहनराव त्रिलोकेकर नातवाच्या टाळूचा वास घ्यायला वाकले आणि त्यांना आपल्या खात्याचा वास आला. येसूबाईने बाळाला नुकतेच न्हाऊमाखू घातले होते, ओवा, बाळंतशेप आणि वेखंडाची धुरी दिली होती, त्याच धुरीवर दुपटे उलटसुलट शेकून त्यात त्याला गुंडाळले होते. त्या सगळ्या वासांच्या खाली, पाण्याखालच्या दगडासारखा, तो दुसरा वास होता. नाकाच्या मुळाशी टोचणारा, किंचित मासळीकडे झुकणारा. फिनिशिंग खात्यातल्या भाजणीच्या खोलीचे दार उघडले की येतो तो. गेली सात वर्षे तो त्यांच्या अंगवळणी पडला होता. परंतु तो परळला असायचा, ठाकूरद्वारच्या या माजघरात नव्हे. प्रथम त्यांना वाटले, आपल्याच कोटाला येत असेल. त्यांनी बाही नाकाशी नेली. कोट कालच धोब्याकडून आलेला होता. ते पुन्हा वाकले, या वेळी चेहरा दुपट्याच्या घडीत अगदी खोल नेला आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांची पत्नी सरोजिनीबाई दारातून पाहत होत्या. हसून म्हणाल्या, "आपल्या नलूच्या वेळी कधी आलं नव्हतं हो डोळ्यांत पाणी." येसूबाईही हसली. मनमोहनरावांनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि छत्री घेऊन जिना उतरले. उन्हाचे दिवस होते, छत्रीचे काही काम नव्हते, हे त्यांच्या ध्यानात ट्रामच्या थांब्यावर आले.

ट्राममध्ये बसल्यावर त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे गोष्टी क्रमाने लावून पाहिल्या. बाळाच्या अंगावर पुरळ उठायला लागून पंधरा दिवस झाले होते. पहिल्यांदा ते मानेच्या वळीत उठले, मग काखेत, मग जांघेत. म्हणजे जिथे जिथे ऊब आणि घाम असतो तिथे. डॉक्टरांनी प्रथम घामोळे म्हटले, पुढे उष्णता म्हटले, आणि शेवटी, सगळ्यांनी एवढ्या आशेने आपल्याकडे पाहिल्यावर काहीतरी सांगायला हवे म्हणून, आईच्या खाण्याकडे लक्ष द्या म्हटले. तेव्हापासून, बाळंतपणाला माहेरी आलेल्या नलूच्या ताटातून एकेक पदार्थ उठत गेला होता. आधी कोलंबी आणि सोडे गेले, मग सगळीच मासळी, मग वांगे, तुरीची डाळ, दही, लिंबू. आता तिच्यापुढे मऊ भात, तूप, मेतकूट आणि दुधी एवढेच येत असे. प्रभूंच्या घरातली मुलगी, जी लहानपणी काट्यासकट बोंबील खायची, ती खाली मान घालून दुधी गिळत होती आणि बाळाच्या अंगावर नवे चट्टे उठले की घरातली तीन-चार माणसे एकदम तिच्याकडे पाहत होती. त्या माणसांत मनमोहनरावही असत. काल संध्याकाळी दादरहून निरोप आला होता की शनिवारी दुपारी विहीणबाई स्वतः येणार, येताना आपल्या डॉक्टरांचे मत घेऊन येणार, आणि मुलाला आईचे दूध बाधत असेल तर ते तोडायचे की काय याचा एकदा निकाल लावून टाकणार. नलूने तो निरोप ऐकून बाळाला थोडे अधिक जवळ घेतले होते. बाकी काही बोलली नव्हती. ती बोलत नाही, हे तिचे चांगले वळण असे घरात मानले जाई.

कापडाची गोष्ट सरळ होती. इतकी सरळ की ती आजवर आपल्याला दिसली कशी नाही याचेच त्यांना नवल वाटले. सुरकुती न पडणारे कापड काढायचे तर त्याला एका रसायनाच्या द्रावणातून न्यायचे, त्यात आम्लाचा अंश असतो, मग ते वाळवून भट्टीत भाजायचे आणि भाजल्यावर त्याच दिवशी साबणसोड्याच्या कढत पाण्यातून धुऊन काढायचे. ही धुलाई चुकली तर आम्ल कापडातच राहते, आणि उबेने व ओलीने ते रसायन हळूहळू फुटून फॉर्मॅलिन बाहेर पडत राहते. मेलेले बेडूक बाटलीत टिकवून ठेवतात ते फॉर्मॅलिन. माटुंग्याच्या कॉलेजात असताना त्यांनी हे सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतले होते, आणि खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या उमेदवाराला ते तसेच्या तसे सांगत आले होते. फक्त जानेवारीत, एकदाच, त्यांनी स्वतः ती धुलाई वगळली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे रेडिओवरून ऐकल्यानंतरचा तो आठवडा. लालबाग-परळमध्ये रस्त्यावर दगड आणि जळके टायर, गोळीबार, सगळ्या गिरण्या बंद. बंद पडायच्या आदल्या पाळीला भाजलेला एक लॉट भट्टीच्या खोलीत गाड्यांवर तसाच पडून राहिला. मिल उघडली तेव्हा धुलाईच्या यंत्रावर नऊ माणसे लागत तिथे तीन आली. आनंदा घाग म्हणून जुना कामगार होता, तो मांडीत गोळी घेऊन इस्पितळात होता. बाकीचे कोकणात निघून गेले होते. माल मागणारे व्यापारी दारात बसले होते. मॅनेजरने त्यांना विचारले, 'एक वेळ धुतलं नाही तर काय होतं, त्रिलोकेकर?' त्यावर मनमोहनरावांनी, ज्यांना काय होते ते मुंबईतल्या फार थोड्या माणसांना असेल इतके नेमके ठाऊक होते, क्षणभर खिडकीबाहेर पाहिले होते आणि म्हटले होते, की घेणारा घरी धुतोच. लॉट भट्टीवरून थेट इस्तरीला आणि तिथून घडीला गेला. त्या दिवसांत एवढे काही घडत होते, इतकी माणसे गेली होती, की न धुतलेले कापड ही कुणाला अपराधात जमा करावी अशी गोष्टच वाटली नव्हती.

तरीसुद्धा ते कापड घरी यायचे काही कारण नव्हते. ते आले ते त्यांच्या ज्ञानाच्या अभिमानामुळे. नलूला पाचवा लागल्यापासून सरोजिनीबाई जुनेर साठवीत होत्या. विटलेली धोतरे, आपली दोन पातळे, सासूबाईंचे एक मऊसूत लुगडे. बारसे होईतो बाळाला कोरे कापड लावायचे नाही आणि पुढेही वर्षभर अंगाशी जुनेच असावे, अशी घरातली रीत होती. मनमोहनरावांनी ते गाठोडे पाहिले आणि एका रविवारी जेवणानंतर जंतूंवर अर्धा तास बोलले. दहा वर्षे माळ्यावर पडलेल्या चिंध्यांत नवजात अर्भक गुंडाळणे ही विसाव्या शतकात शोभणारी गोष्ट नव्हे, असे त्यांनी सांगितले. सरोजिनीबाईंनी त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गाठोडे बोहारणीला गेले आणि त्याचे एक झाकणाचे पातेले आले. मग मनमोहनरावांनी घडी खात्यातून उत्तमातले उत्तम बारीक कापड मागवले, हाताला लावून पाहिले, भरलेले आणि रेशमी लागले म्हणून खूश झाले. न धुतलेल्या कापडाला पहिल्यांदा असाच भरलेपणा असतो, हेही त्यांना ठाऊक होते. पण ते त्या वेळी आजोबाच्या हाताने पाहत होते. कापड धुऊन मग शिवू का, असे सरोजिनीबाईंनी विचारले तेव्हा त्यांना हसू आले होते. ते म्हणाले होते, मिलमध्ये सात पाण्यांतून निघतं ते, तुम्ही आणखी काय धुणार. सहा झबली, चार टोपडी, आठ दुपटी झाली. भोईवाड्याहून बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या येसूबाईने पहिल्या दिवशी झबले दोन बोटांत चोळून पाहिले होते आणि म्हटले होते, "कोरो कपडो टोचता बाळाक, वैनी. जुनेर नाय काय घरात?" मग तिने आपल्या परीने काळजी घेतली. बाळाच्या कातडीला साबण नको म्हणून ती ते कपडे नुसत्या गार पाण्यात खळबळून वाळत घाली, आणि बाळाला थंडी बाजू नये म्हणून रोज दोन वेळा धुरीवर शेकून घाली. आम्ल जाऊ नये आणि वाफ मात्र सुटावी, अशी ही व्यवस्था प्रयोगशाळेत मुद्दाम मांडायची म्हटली असती तरी याहून नेटकी झाली नसती.

परळला ट्राममधून उतरताना त्यांनी ठरवले, की आधी खात्री करायची. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सरोजिनीबाईंच्या ट्रंकेतून उरलेला तुकडा काढला. त्याच्या काठावर लॉटचा निळा शिक्का होता. आकडा तोच होता. इथे खात्री व्हायला हवी होती. परंतु त्यांनी स्वतःला सांगितले की आकडा म्हणजे अनुमान, आणि अनुमानावर घरात गोंधळ माजवणे बरे नव्हे. त्यांनी तुकड्याची चार इंचांची पट्टी कापली आणि पाकिटात घातली. आत नलू बाळाला पाजत बसली होती. बाळ चोखता चोखता मध्येच थांबे, मान खाजवण्यासाठी मुठी उगाच हलवी आणि पुन्हा चोखू लागे. तिने वर पाहून विचारले, काय शोधत होतात बाबा. ते म्हणाले, "काही नाही, जुनी पावती." एवढे खोटे बोलण्याची गरज नव्हती, हे त्यांना तेव्हाच जाणवले. पण पद्धतशीर माणसाचे एक असते. एकदा पायरी ठरली की ती ओलांडून पुढे जाणे त्याला अशिष्ट वाटते, आणि भीती लपवायला याहून प्रतिष्ठित जागा दुसरी नसते.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी पट्टीचे तुकडे पाण्यात टाकून मंद आचेवर ठेवले, ते पाणी गाळले आणि त्यात रंग उडवलेल्या मॅजेंटाचे द्रावण घातले. फॉर्मॅलिनचा अंश असला तर ते पुन्हा जांभळे होते. त्यांना वाटले होते थोडी वाट पाहावी लागेल. नळीच्या तळापासून रंग वर चढला तो बघता बघता, दाट. घड्याळात अकरा वाजले होते. शामराव म्हणून त्यांचा सहायक होता, तो म्हणाला, साहेब, हे कुठलं, फॉर्मॅलिनच्या बाटलीतलंच ओतलंत की काय. मनमोहनरावांनी नळी धुऊन उपडी ठेवली. टेबलावर टेलिफोन होता. त्यांच्या वाडीच्या तोंडाशी औषधांचे दुकान होते, तिथेही टेलिफोन होता, आणि त्याचा नंबर त्यांना पाठ होता. नलूच्या दिवसांत गरज पडेल म्हणून त्यांनीच तो पाठ केला होता. 'वर सांगा, दूध तोडू नका, मी येतोय', एवढेच शब्द पुरले असते. त्यांनी हात टेलिफोनपर्यंत नेला आणि रिसीव्हरखालचा कागद नीट लावला. दुकानदार शेटला काय वाटेल, तो चार जणांत बोलेल. विहीणबाईंच्या समोर निरोप जाईल. स्वतः जाऊन, शांतपणे, समजावून सांगावे हेच योग्य. साडेबाराला ते निघाले. ट्राम न धरता ते लालबागपर्यंत चालत गेले. कशासाठी, हे त्यांना सांगता आले नसते. एका भिंतीवर डांबराने लिहिलेले 'मुंबईसह' एवढेच उरले होते, पुढचे पोलिसांनी चुन्याने पुसले होते. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे ते बसले. त्यांनी चहा मागवला, तो संपल्यावर दुसरा मागवला. बशीची टवका उडालेली कड ते बोटाने चाचपत राहिले. घरी आता पाने वाढली असतील, आता विहीणबाई हात धुऊन पानाच्या डब्याशी बसल्या असतील, आता विषय निघाला असेल, असे त्यांना एकेक करून दिसत होते. आणि प्रत्येक वेळी वाटत होते, की आता निघालो तरी अगदी त्या बोलण्याच्या मध्येच पोहोचू, त्यापेक्षा थोडे थांबावे.

ते तीनला घरी पोहोचले. विहीणबाई गेल्या होत्या. आठ दिवस दूध पूर्ण बंद ठेवून पाहावे, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले होते, आणि दूध साचून गाठी होऊ नयेत म्हणून नलूच्या छातीला जुन्या पातळाची पट्टी कसून बांधली होती. कोनाड्यात दुधाच्या पावडरीचा नवा डबा होता. सरोजिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या की पोरीने एक अक्षर काढले नाही, फक्त पट्टी बांधताना भिंतीकडे तोंड केले. अजूनही वेळ होता. अजून चार तास, अजून एक दिवस, पट्टी सोडली असती तर काही बिघडले नसते. हे कळायला माटुंग्याला शिकावे लागत नाही. मनमोहनराव बाळाच्या पाळण्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, की कपडे जरा उकळून घ्या, सोडा घालून, दोन वेळा. सरोजिनीबाईंनी का म्हणून विचारले तेव्हा ते म्हणाले, डॉक्टरांनी सांगितले आहे. कुठल्या डॉक्टरांनी, हे कुणी विचारले नाही. रविवारी येसूबाईने मोरीत शेगडी पेटवून सगळी झबली, टोपडी, दुपटी सोड्यात उकळली, पिळली, पुन्हा उकळली. ते जवळ उभे राहून पाहत होते. पहिले पाणी ओतले तेव्हा ती डोळे चोळत म्हणाली, "काय वास मारता हो, सायेब. माझा माणूस असलो वास घेऊन घरी येयचो." तिचा नवरा गिरणीत ब्लीचिंगला होता, जाऊन नऊ वर्षे झाली होती. वाळलेले कपडे घडी करून ठेवताना त्यांनी एकेक नाकाशी नेऊन पाहिला. वास राहिला नव्हता.

मग बाळ बरे होऊ लागले. मंगळवारी मानेच्या वळीतली लाली फिकट झाली, गुरुवारी काखेतली खपली गेली, शनिवारी ते अंगभर गुळगुळीत होऊन पाय झाडीत पडले. आणि हे जे त्यांच्या हातून त्या घरात घडलेले एकमेव चांगले काम होते, त्यानेच नलूवरचा आरोप शाबीत केला. दूध तुटले आणि मूल सुधारले, याहून स्वच्छ पुरावा कुणाला हवा होता? दादरहून विहीणबाई पेढे घेऊन आल्या. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी नलूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, असतं बाई एखादीचं दूध जड, त्याला कोण काय करणार. सगळ्यांनी मान हलवली. मनमोहनरावांच्या हातात पेढा होता, तो त्यांनी खाल्ला. त्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट मात्र केली होती. मॅनेजरला त्यांनी लेखी कळवले होते, की अमुक लॉट न धुता गेला आहे, तो दुकानांतून परत मागवावा, अंगाला अपायकारक आहे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. तीन परिच्छेदांचे ते पत्र लिहिताना त्यांना जवळजवळ बरे वाटले होते. मॅनेजरने बोलावून विचारले, कुणाची तक्रार आली आहे का. तक्रार नाही, म्हणाले. मग मॅनेजरने सांगितले, की माल केव्हाच नागपूर-इंदूरकडे गेला, आता कुणाकुणाच्या अंगावरून परत काढणार. ठाकूरद्वारपासून नागपूरपर्यंत न्हाऊमाखू घालून धुरीवर शेकलेल्या पोरांची एक रांगच त्यांच्या डोळ्यांपुढे आली. परंतु ती रांग आपल्याला सोसवते, माजघरातले एक माणूस सोसवत नाही, हे त्यांना कळत होते. नागपूरची माफी मागायला कागद पुरला होता.

रविवारी दुपारी जेवणे झाली. सरोजिनीबाई स्वयंपाकघरात आवराआवर करीत होत्या. मनमोहनराव खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसले होते. नलू पाटावर बसून बाळाला बाटली देत होती. बाटलीतले दूध संपत आले तशी तिची नजर बाटलीवरून ढळली आणि तिने सहज, हिशेबाची एखादी शंका विचारावी तसे विचारले, "बाबा, पुढच्या वेळीही असंच होईल का? म्हणजे दुसरं मूल झालं तरी? तुम्ही रसायनशास्त्र शिकलात म्हणून विचारते. हे रक्तातच असतं का एखादीच्या?"

वर्तमानपत्र त्यांनी घडी केले. घडी चुकली, ती उलगडून पुन्हा केली. मग म्हणाले, "तुझ्या दुधात काही नव्हतं, नलू."

"म्हणजे?"

"कापड. मी आणलेलं. ते धुतलेलं नव्हतं. त्यात औषध राहिलं होतं, त्यानं त्याचं अंग उठलं. मागच्या रविवारी उकळून घेतलं, म्हणून थांबलं."

नलूने बाटली खाली ठेवली. बाळाला खांद्यावर घेऊन ती त्याची पाठ थोपटू लागली, त्याची ढेकर येईतो थोपटत राहिली. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, बाळाच्या डोक्याआड होता. तिने ओरडावे, रडावे, असे त्यांना फार वाटले. तिने विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"वास शुक्रवारी आला. खात्री शनिवारी झाली."

"शनिवारी किती वाजता?"

हा प्रश्न त्यांच्या वळणाचा होता. तिला तारखा-वेळा नीट सांगायला त्यांनीच शिकवले होते. ते म्हणाले, "अकराला."

"मला पट्टी दीडला बांधली. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बाबांना येऊ दे, त्यांनाही विचारू. अर्धा तास थांबलो आम्ही. आई दोनदा गॅलरीत जाऊन आली." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. "दीडला कुठे होतात तुम्ही?"

खोटे सांगता आले असते. ट्राम बंद होत्या, मोर्चा होता, मिलमध्ये काम निघाले. त्या वर्षी मुंबईत माणसाला उशीर व्हायला कारणांचा तुटवडा नव्हता. मनमोहनराव म्हणाले, "लालबागला. इराण्याकडे चहा पीत बसलो होतो."

नलूने रिकामा हात छातीशी नेला, जिथे आता काही दुखत नव्हते, काही भरूनही येत नव्हते, आणि तो तसाच खाली आणला. मग तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात हाक मारली, "आई, जरा इकडे ये. बाबांना काही सांगायचं आहे." आणि त्यांच्याकडे वळून हळू म्हणाली, "आत्ता आईला. चारला दादरला. मी बरोबर येणार आहे, बाळाला घेऊन."

सरोजिनीबाई पदराला हात पुसत आल्या आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अर्धे हसू होते. बापलेकींचे काही गुपित असावे असे त्यांना वाटले असावे. मनमोहनराव उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. सगळे मुद्दे त्यांच्या मनात क्रमाने लागलेले होते, एकाही दुव्याला खोट नव्हती.

"त्याचं असं झालं," ते म्हणाले, "जानेवारीत मिल बंद पडली, तेव्हा धुलाईला माणसं कमी होती—"

"तिथून नको, बाबा," नलू म्हणाली. "शनिवारपासून सांगा."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, मग सरोजिनीबाईंकडे. आणि त्यांनी शनिवारपासून सुरुवात केली.